कमरेच्या उंचीचे घर

तंजावरच्या मेलवीथीत, म्हणजे पश्चिमेच्या राजरस्त्यावर, जी थोडी जुनी घरे अजून उभी आहेत त्यांतले ते एक. रस्त्याकडून पाहणाऱ्याला ते अरुंद वाटते. पण उंबरा ओलांडला की घर आत आत जात राहते. ओटा, ओसरी, झोपाळ्याचे दालन, मग आभाळाला उघडा चौक, त्यापलीकडे स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर आणि अगदी शेवटी दोन माड. ओट्याला तिण्णै आणि चौकाला मुट्रम म्हणणारे शेजारी चारी बाजूंना आहेत; घरातली माणसे ज्याच्याशी बोलतात त्याप्रमाणे शब्द बदलतात आणि बदलल्याचे त्यांच्या लक्षातही येत नाही.

गल्लीत घरधन्याला रायर म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला रायर मामी. मराठी बोलणाऱ्या ब्राह्मणांना या मुलखात रायर म्हणण्याची चाल जुनी आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात येथे राज्य मांडले, १८५५ साली इंग्रजांनी ते गुंडाळले. राज्यासोबत आलेली भाषा मात्र कोणी खालसा करू शकले नाही, ती स्वयंपाकघरात राहिली. रायरांच्या आयुष्याची तीसहून अधिक वर्षे राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाच्या मोडी कागदांत गेली. रुमाल सोडायचा, कागद सावकाश उलगडायचा, वाचायचा, देवनागरीत उतरवायचा, पुन्हा घडी घालून रुमाल बांधायचा. दुसऱ्यांच्या घरांचे हिशेब, तंटे, देणगीपत्रे आणि आजार त्यांना तोंडपाठ होते. आपल्या घरातली हळदीची बरणी कुठल्या फळीवर आहे हे मात्र वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत त्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक होण्याला मामींचा उजवा खांदा कारण झाला.

ऐप्पसीचा पाऊस म्हणजे तंजावरचा खरा पाऊस. महाराष्ट्रात दिवाळीला आभाळ निवळते, येथे तेव्हा ते भरून येते. अशाच एका पहाटे मामी चौकातून विहिरीकडे निघाल्या आणि शेवाळलेल्या फरशीवर पाय सरकला. त्या पडल्या नाहीत. पडता पडता त्यांनी उजव्या हाताने लाकडी खांब धरला आणि सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला. न पडल्याबद्दल त्यांनी देवापुढे नारळ ठेवला. पडल्या असत्या तर कदाचित गुडघ्याला खरचटले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती, असे पुढे डॉक्टर म्हणाले. पण अडुसष्टाव्या वर्षी घसरणारे माणूस असा विचार करून खांब धरीत नाही.

दोन महिने तेल, शेक आणि लेप यांत गेले. हात समोर नेता येई, बाजूने वर जाईना. वेणी घालताना अर्ध्यात थांबावे लागे. रात्री त्या कुशीवर वळल्या की जागे होत आणि रायरांना कळू नये म्हणून उशीत तोंड घालीत. शेवटी दळणाचा डबा उतरवताना तो हातातून सुटला, पीठ स्वयंपाकघरभर झाले, आणि त्या आवाजाने जे इतके दिवस झाकले होते ते उघडे पडले.

खांद्यासारखा भाबडा सांधा शरीरात दुसरा नाही. मांडीचे हाड खोल वाटीत बसते; दंडाचे हाड मात्र उथळ बशीवर ठेवलेल्या लिंबासारखे असते. त्याला जागेवर ठेवतात ते चार स्नायूंचे कंडरे, हाडाच्या डोक्याभोवती गळपट्टीसारखे गुंडाळलेले. त्या वेढ्याला डॉक्टर रोटेटर कफ म्हणतात. बशी उथळ आहे म्हणूनच माणसाचा हात मागे, पुढे, डोक्यावर, पाठीवर, कोठेही पोचतो; आणि उथळ आहे म्हणूनच त्या चार पट्ट्यांवर इतका ताण येतो. मामींची वरची पट्टी हाडापासून सुटली होती. चुंबकीय तपासणीच्या काळ्या चित्रात डॉक्टरांनी पेन टेकवून ती जागा दाखवली, मग टेबलावरचा प्लास्टिकचा खांदा हातात घेऊन फिरवून दाखवला. दुर्बिणीतून लहान छिद्रे पाडायची, हाडात बारीक खिळे बसवायचे, त्यांतल्या दोऱ्यांनी पट्टी पुन्हा हाडाला बांधायची. काम तास-दीड तासाचे. त्यानंतर पट्टी हाडात रुजायला सहा आठवडे, आणि ती निबर व्हायला सहा महिने ते वर्ष. सुई-दोऱ्याचे काम डॉक्टर करतील, रुजण्याचे काम घरी होईल, असे ते म्हणाले. मधुमेह थोडा आहे, तेव्हा सांधा आखडण्याची भीती अधिक. ती लक्षात ठेवा, असेही म्हणाले.

रायरांचे लक्ष त्या प्लास्टिकच्या खांद्यावर खिळले होते. दुसऱ्या सर्फोजीराजांची त्यांना आठवण झाली. १७९८ ते १८३२ ही त्यांच्या कारकिर्दीची वर्षे. राज्याचा कारभार बहुतांशी इंग्रजांच्या हाती गेलेला, किल्ल्यापुरते राजेपण उरलेले, आणि त्या उरलेल्या जागेत या राजाने पुस्तके, नकाशे, यंत्रे आणि औषधे भरली. शरीररचना शिकायला त्यांना मानवी सांगाडा हवा होता. खऱ्या हाडांचा विटाळ आड येत होता. तेव्हा विलायतेहून कृत्रिम सांगाडा मिळवण्याची त्यांनी खटपट केली. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि विलायती अशा चारही वाटांचे वैद्य होते. पारखलेले उपचार तमिळ पद्यात बांधून ठेवले गेले, तेच ग्रंथालयाने पुढे 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने छापले. डोळ्यांच्या रोग्यांची तर टिपणे आहेत, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत राजा स्वतः लक्ष घालीत असे. ती चित्रे रायरांनी अनेकदा पाहिली होती. आता डॉक्टरांच्या खोलीत बसून त्यांना पहिल्यांदाच वाटले की त्या टिपणांत डोळा आहे, रोग आहे, उपचार आहे. पण डोळ्यांवर पट्टी बांधलेला तो माणूस घरी परतल्यावर त्याला न्हाणीची वाट कोणी दाखवली, हे कोणी लिहिलेले नाही.

रुग्णालयाने दिलेले छापील पत्रकही याबाबतीत सर्फोजींच्या टिपणांहून फार पुढे गेलेले नव्हते. उपाशी केव्हा राहायचे, कोणत्या गोळ्या थांबवायच्या, दागिने घरी ठेवून यायचे, हे सगळे क्रमवार होते. शेवटी एक ओळ: घरी मदतीला कोणीतरी असावे. एक अख्खे घर त्या 'कोणीतरी'त बसवून पत्रक संपले होते.

शस्त्रक्रिया पोंगलनंतर ठरली. मधल्या तीन आठवड्यांत घर बदलले. व्यायाम शिकवायला स्कूटरवरून येणारी मुलगी पहिल्याच भेटीत चौकात उभी राहून सगळीकडे पाहत म्हणाली, "मामी, यापुढे तुमच्या घराची उंची कमरेपासून छातीपर्यंत. त्याच्या वर काही नाही, खाली काही नाही." बोलली ती तमिळमध्ये; पण त्या वाक्याने घरातले मराठी सामानही हलले. माळ्यावरची पितळी भांडी तशीच राहिली. त्यांना वर्षभर विश्रांती. फळीवरचे डबे ओट्यावर आले. मोठे डबे रिकामे होऊन लहान बरण्या भरल्या गेल्या, कारण डाव्या हाताला किलोभर वजन पुरे. बरण्यांची फिरकीची झाकणे काढून त्यांवर वाट्या पालथ्या घातल्या. झाकण फिरवायला दोन हात लागतात ही गोष्ट दोन हात असेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

रायरांनी एक वही केली आणि तिच्यात बरण्यांची यादी लिहिली. धने, मेथ्या, हरभऱ्याची डाळ, डांगराचे पीठ. कागदपत्रांची सूची करण्याची सवय. प्रत्येक नोंदीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला जागा. मामी ओसरीवर बसून सांगत होत्या आणि मधूनच हसत होत्या. लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली आणि हा मनुष्य आज माझ्या घरी आला, असे त्या शेजारणीला म्हणाल्या. हसण्यात कडूपणा नव्हता असे म्हणता येणार नाही.

न्हाणीत डाव्या बाजूला भिंतीत लोखंडी कडी बसवली. बादली जमिनीवरून स्टुलावर गेली. देशी शौचकूपावर मधोमध भोक असलेली खुर्ची आली. एका हाताने उकिडव्याचे उठणे या वयात धोक्याचे. चौकातली फरशी चुन्याने आणि काथ्याने घासून शेवाळ काढले, जे दोन महिन्यांपूर्वी केले असते तर बाकीचे काहीच करावे लागले नसते. लेक चेन्नईहून आली ती समोर बटणे असलेले चार गाऊन घेऊन. मामींनी ते हातात घेऊन उलटे-पालटे पाहिले आणि खाटेवर ठेवून दिले. दूधवाल्यासमोर, पोस्टमनसमोर, देवासमोर हे घालायचे? नऊवारी त्या सणावारीच नेसत. पण सहावारीच्या निऱ्याही दोन हातांनीच पडतात. वाद दोन दिवस चालला. तोडगा लेकीने काढला: जुन्या सुती पोलक्यांच्या बाह्या बगलेपर्यंत उसवून टिचबटणे लावली, आणि एका साडीच्या निऱ्या शिवून टाकून तिला नाडी घातली. पहिल्यांदा ती साडी चढवली तेव्हा मामींनी आरशात पाहणे टाळले.

आणि डावा हात. शस्त्रक्रियेआधीच त्याला शिकवून ठेवा, असे त्या मुलीने सांगितले होते. दात घासणे, भाजी ढवळणे, कुलूप उघडणे, हे जमले. जेवणापाशी गाडी अडली. डाव्या हाताने जेवणे म्हणजे काय हे या देशात कोणाला सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी मामींनी चमचा डाव्या हातात धरला, ताकभाताचा एक घास तोंडापर्यंत नेला आणि परत पानात ठेवला. त्या दिवशी त्या उपाशी उठल्या. दुसऱ्या दिवशी रायर आपले पान घेऊन समोर बसले, त्यांनी एक चमचा डाव्या हातात घेतला आणि काही न बोलता जेवू लागले. भात मांडीवर सांडत होता. मामींनी थोडा वेळ पाहिले, मग म्हणाल्या, "अहो, तुमचा खांदा बरा आहे ना? मग धड जेवा." आणि स्वतः जेवल्या.

या दिवसांत रायर एकदा सुश्रुत काढून बसले. खांद्याचा सांधा निखळला तर काखेत मुसळ देऊन तो वर उचलावा आणि जागेवर बसल्यावर स्वस्तिक बंधाने बांधावा, असे चिकित्सास्थानात आहे. मामींचा सांधा निखळला नव्हता, पट्टी सुटली होती, उपचार वेगळा. तरी खांदा आणि छाती यांवरून फुलीसारखा जाणारा तो बंध वाचून रायरांना रुग्णालयात दाखवलेल्या झोळीची ओळख पटल्यासारखे वाटले, आणि त्यांनी तो भाग मोठ्याने वाचून दाखवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घरचे मुसळ उभेच होते. मामी म्हणाल्या, "मुसळ आहे हो. उचलणारे वैद्य कुठून आणायचे?"

शस्त्रक्रियेचा दिवस सांगण्यासारखा नाही. ज्याच्यावर होते त्याच्यासाठी तो एक झोपेचा तुकडा असतो. रात्र सांगण्यासारखी आहे. मानेपाशी टोचून हात बधिर केला होता. संध्याकाळी शुद्ध पूर्ण आली तेव्हा मामींना आपल्या छातीवर कोणाचा तरी हात ठेवलेला आढळला. गरम, जड, परका. त्यांनी डाव्या हाताने तो चाचपला. बांगडीची जागा रिकामी होती. दुखत मुळीच नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर दुपारची गोळी त्यांनी घेतली नाही. बधिरपणा उतरण्याआधीच गोळी पोटात असू द्या, असे बजावलेले होते. पण दुखत नसताना औषध घेणे त्यांच्या हिशेबात उधळपट्टी होती. चार वाजता बोटांना मुंग्या आल्या. सहा वाजता हात परत आला, आणि येताना सगळे देणे एकदम घेऊन आला. त्या रात्री रायर आरामखुर्चीपाशी जमिनीवर बसून होते. बर्फाची पिशवी, रुमाल, पुन्हा पिशवी. पहाटे त्यांनी वहीत बरण्यांच्या यादीपुढे एक कोरे पान सोडले आणि गोळ्यांच्या वेळा मांडल्या. त्यापुढे सहा आठवडे वही रोज लिहिली गेली.

त्या सहा आठवड्यांत त्या आडव्या झोपल्या नाहीत. आडवे झाले की खांदा मागे पडतो आणि दोऱ्यांवर ताण येतो; म्हणून कापडी आरामखुर्ची झोपाळ्याच्या दालनात आणली, कोपराखाली उशी, झोळी आणि बगल यांमध्ये आणखी एक लहान उशी. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी, हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ झाला. दिवसातून तीनदा टेबलाला डावा हात टेकून वाकायचे आणि उजवा हात सोंडेसारखा सोडून द्यायचा. हात हलवायचा नाही. अंग हलवायचे आणि हात आपला आपण झुलू द्यायचा. हे मामींना सर्वांत अवघड गेले. हाताने आपणहून काही न करणे त्यांना जमेना. ती मुलगी पुन्हा पुन्हा म्हणे, "तुम्ही करू नका मामी, होऊ द्या." शेवटी रायरांनी दालनातला झोपाळा एक झोका देऊन सोडून दिला आणि त्याच्याकडे बोट दाखवले. त्यानंतर ते जमले.

वेणीचे काम लेक परत गेल्यावर रायरांकडे आले. तीन पेड त्यांना मांडता येत, ओढ सारखी राहत नसे. कमरेपर्यंत पोचता पोचता वेणी एका बाजूला वळे. पण गाठ पक्की बसे. रुमाल बांधणाऱ्याची गाठ ती. रात्रभर सुटत नसे आणि सकाळी एका ओढीत सुटे. मामी डोळे मिटून बसत. या वेळेत दोघे फार बोलत नसत असे वहीवरून दिसते, कारण त्या तासाची नोंद एका शब्दाची असे: वेणी.

दारातली रांगोळी कामवाली घालू लागली. तांदळाच्या पिठाची, ठिपक्यांची, चांगलीच. पण सगळ्या वीथीला ती मामींची नाही हे कळत होते. तिसऱ्या आठवड्यात मामींनी ओट्यावर बसून डाव्या हाताने एक नागमोडी रेघ ओढून पाहिली. ती थरथरली, वळणावर जाड झाली, एकदाही न तुटता आपल्यातच गुरफटली. रायर वाकून पाहत म्हणाले की हे मोडी आहे आणि त्यांना वाचता येईल. काय लिहिले आहे, असे मामींनी विचारले. अक्षर लागत नाही, असे उत्तर मिळाले.

खरा पेच शुक्रवारी पडला. शुक्रवारी आलेल्या सवाष्णीला कुंकू आणि विडा दिल्याशिवाय त्या घरातून कोणी जात नाही. डाव्या हाताने जेवता आले. डाव्या हाताने कुंकू लावणे मामींना मान्य नव्हते, आणि घेणारीलाही ते रुचले नसते. पहिला शुक्रवार त्यांनी आतल्या खोलीत काढला. दुसऱ्या शुक्रवारी शेजारची नवी सून आली. तिला काही सांगितलेले नव्हते. मामी खुर्चीत, उजवा हात झोळीत पोटाशी, बोटे तेवढी बाहेर. त्यांनी डाव्या हाताने करंडा उघडून मांडीवर धरला, उजव्या बोटांनी चिमूट घेतली आणि थांबल्या; पुढे हात जात नव्हता. ती मुलगी क्षणभर उभी राहिली, मग जमिनीवर गुडघे टेकून बसली, मान खाली घातली आणि आपले कपाळ त्या बोटांपाशी आणले. त्यानंतर पाचही शुक्रवार बायका तशाच येत राहिल्या. मामींहून वयाने मोठ्या असलेल्या एक पाटीही एकदा भिंतीला धरून वाकल्या. मामींनी त्यांना नको नको म्हटले. त्या वृद्धेने सांगितले की कपाळाला उंची नसते.

पाचव्या आठवड्यात दुखणे गेले. हाच काळ धोक्याचा. दोरा धरून असतो, रुजलेले काही नसते, आणि माणसाला वाटते की झाले. एका सकाळी रायर दारात दूधवाल्याशी हिशेब करीत होते. चुलीवर दूध चढले. त्या आवाजाला पन्नास वर्षे उत्तर दिलेला हात झोळीतून बाहेर आला आणि पातेल्याच्या कडेला पोचला. दूध वाचले. खांद्यात काहीतरी चटकन झाले. मामींनी पातेले खाली ठेवले, हात परत झोळीत घातला, ओटा पुसला.

दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितले नाही. वहीत त्या दोन दिवशी व्यायामाच्या जागी 'कंटाळा' लिहिले आहे. तसे त्यांनी सांगितले होते. तिसऱ्या दिवशी रायरांनी पाहिले की वेणी घालताना त्या डोळे मिटत नाहीत. त्यांनी विचारले. मामी रडल्या, आणि रडणे दुखण्याचे नव्हते. सगळ्यांनी इतके केले आणि शेरभर दुधासाठी मी ते घालवले, असे त्या म्हणत होत्या. डॉक्टरांकडे जाण्याच्या वाटेवर, रिक्षा मोठ्या देवळावरून जात असताना, रायर एकदाच बोलले. दूध उतू जाऊ द्यायला मी शिकवायला हवे होते, असे काहीतरी. तपासणीत पट्टी जागेवर होती. डॉक्टर रागावले, मग हसले, आणि झोळीचा मुक्काम दोन आठवड्यांनी वाढवला. घरी आल्यावर मामींनी वैदीश्वरन् कोविलला चांदीच्या पत्र्याचा हात वाहण्याचा नवस बोलला. देवाने आधीच राखल्यावर केलेला नवस लागू होतो की नाही, यावर रायरांनी शास्त्र पाहण्याचे टाळले.

झोळी सुटल्यावर हात स्वतःचा राहिलेला नव्हता. दंड बारीक झालेला, कातडी सैल, समोर खांद्याइतकाही वर जाईना. आता कप्पीचा व्यायाम. बाजारात ती मिळते. पण विहिरीवर पंप बसल्यापासून जुनी लोखंडी कप्पी अडगळीत होती. रायरांनी ती तेल घालून चौकटीला टांगली. दोरीच्या एका टोकाला डावा हात, दुसऱ्या टोकाला उजवा. डाव्याने ओढायचे, उजव्याने नुसते वर जायचे. कप्पी पूर्वीसारखीच कुरकुरे. विहिरीचे पाणी काढल्याचा आवाज घरात पुन्हा येऊ लागला, पाणी मात्र येत नव्हते.

दुसरा व्यायाम भिंतीचा. भिंतीसमोर उभे राहून बोटांनी कोळ्यासारखे वर चढायचे आणि थांबेल तेथे खूण करायची. रायर शिसपेनीने रेघ मारीत आणि शेजारी तारीख घालीत, मोडीत. पहिली रेघ खिडकीच्या खालच्या कडेला. आठवड्यात दोन बोटे वर. मग दहा दिवस तिथेच. मधुमेहाने सांधा आखडतो म्हणून सांगितले होते, ते हे. एप्रिलच्या उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता, घामाने भिजून त्या भिंतीशी उभ्या असत, ओठ आवळलेले. ती व्यायामाची मुलगी हात धरून आणखी एक बोट वर नेई, आणि त्या एका बोटासाठी जो आवाज निघे तो ऐकवत नसल्याने रायर माडांकडे जाऊन उभे राहत. परत आले की रेघ मारीत. जूनमध्ये रेघांची शिडी पुन्हा चालू लागली.

वैशाखात त्यांनी दारात पाच ठिपक्यांची रांगोळी घातली. लहान; पण सकाळी फुलवाला थांबला आणि त्याने मामींना विचारून एक गजरा जास्त ठेवला. नवरात्रात बाहुल्यांच्या पायऱ्या मांडल्या तेव्हा खालच्या पाच पायऱ्या त्यांनी स्वतः लावल्या. सहावी आणि सातवी नातीने स्टुलावर चढून, मामींच्या सूचनेप्रमाणे. कलश वर ठेवताना नातीने मागे वळून पाहिले. मामींनी मानेने होय म्हटले. रसवांगीचे पातेले दोन्ही हातांनी उतरवले गेले, पण रायर शेजारी उभे होते. बरण्यांवर अजून वाट्याच होत्या. माळ्यावरची पितळी भांडी तेथेच राहिली, आणि त्यांतली दोन पुढे लेकीने चेन्नईला नेली.

भिंतीवरची शेवटची रेघ खिडकीच्या वरच्या चौकटीखाली चार बोटांवर आहे. त्याच्यावर हात गेला नाही.

भोगीच्या आधी घराला चुना द्यायचा असतो. माणूस बादली आणि कुंचा घेऊन आला, त्या भिंतीपाशी थांबला, या रेघांचे काय करायचे असे विचारू लागला. मामींनी चुना द्यायला सांगितले. भिंत म्हणजे पाटी नव्हे. रायरांनी अर्धा तास मागून घेतला, खुर्ची ओढली आणि तळापासून वरपर्यंत सगळ्या तारखा वहीत उतरवून घेतल्या, प्रत्येकीपुढे खालच्या रेघेपासूनचे अंतर बोटांत. चुनेवाला ओट्यावर चहा पीत बसला.

संध्याकाळी दालनात ओल्या चुन्याचा वास होता. मामींना मोडी वाचता येत नाही. त्यांनी वही मागून घेतली, पाने उलटली आणि रायरांपुढे धरली. काय काय लिहिले आहे ते एकदा कळू दे, म्हणाल्या. रायर चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचू लागले. बरण्या झाल्या. गोळ्या झाल्या. मग दिवस: झोप चार तास. बर्फ तीनदा. ताकभात. पाणी तापवले, स्नान झाले. वेणी.

"थांबा," मामी म्हणाल्या. "त्या दिवशी पाणी तापलं नव्हतं. मी बोलले नाही एवढंच."

रायरांनी पेन काढले आणि ती ओळ दुरुस्त केली.